पहिल्या हक्काचं कलम

मी एका मोठ्या कंपनीतर्फे स्टार्टअपमधली गुंतवणूक पाहतो. त्या दिवशी सकाळी अशाच एका स्टार्टअपच्या प्रयोगशाळेत तपासणी होती आणि दुपारी आमच्याच कंपनीची गुंतवणूक समिती. खरी झुंज दुपारी झाली, पण तिचं बळ सकाळीच मिळालं होतं.

ही मंडळी पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करणाऱ्या यंत्रासाठी पडदा बनवतात. अशा यंत्राला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. प्रचलित पीईएम प्रकाराला, ज्याचा पडदा प्रोटॉन जाऊ देतो, इरिडियम हा दुर्मिळ धातू लागतो, आणि जगात तो वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतो. एईएम पद्धतीत, म्हणजे पडदा ऋण आयन जाऊ देतो तिथे, माध्यम अल्कधर्मी असल्यामुळे निकेल आणि लोखंडावर भागतं. अडचण अशी की हायड्रॉक्साइड आयन पडद्याचंच रसायन हळूहळू पोखरतात, आणि तसतसं यंत्रातल्या सेलला जास्त व्होल्टेज लागत जातं. म्हणून आमच्या तज्ज्ञाने पहिलाच प्रश्न केला, "व्होल्टेज तासाला किती चढतंय?"

"दहा मायक्रोव्होल्ट," संस्थापिका म्हणाल्या आणि पुढचा हिशेब त्यांनीच फळ्यावर मांडला. हाच वेग राहिला तर 40,000 तासांत 0.4 व्होल्टची वाढ होणार. दोन व्होल्टच्या आत चालणाऱ्या सेलला तेवढ्याच हायड्रोजनसाठी वीस टक्क्यांहून जास्त वीज लागू लागेल. "अशा अवस्थेत हे विकता येणार नाही. तो वेग खाली आणायलाच पैसे हवेत." निकामी झालेल्या सेलची नोंदही त्यांनी आपणहून दाखवली. एवढ्या सुरुवातीच्या टप्प्यावर मी भरवसा ठेवतो तो अशाच माणसांवर.

मग त्यांनी मला विचारलं, "उद्या तुमच्या कंपनीचा सीईओ बदलला, तर आमचं काय?"

प्रश्न रास्त होता. 1970च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉनमध्ये लिथियम बॅटरीचं मूलभूत काम केलं. कंपनीने पुढे त्यातून हात काढून घेतला. लिथियम-आयन बॅटरी 1991मध्ये बाजारात आणली ती सोनीने, आणि व्हिटिंगहॅम यांना नोबेल मिळालं 2019मध्ये. विज्ञानाला लागणारा काळ कंपनीच्या वार्षिक बजेटमध्ये मावत नाही. मी संस्थापिकांना सांगितलं की गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीसाठीची रक्कम आजच राखून ठेवायची मागणी समितीपुढे करणार आहे.

दुपारी त्या रकमेला फारसा विरोध झाला नाही. गाडी अडली ती वेगळ्याच कलमावर. आमच्या रसायन विभागाच्या प्रमुखांना पहिल्या नकाराचा हक्क हवा होता, म्हणजे स्टार्टअप कुणालाही विकायची ठरली तर त्याच किमतीला ती घेण्याची संधी आधी आम्हाला. "पैसे आपले, पायलट म्हणजे चाचणी प्रकल्प आपल्या कारखान्यात, आणि कंपनी प्रतिस्पर्ध्याने न्यायची?"

त्यांचा राग मला समजत होता. पण हे कलम घातलं की दुसरा खरेदीदार कशाला येईल? महिनोन्‌महिने तपासणी करायची, वकिलांचे पैसे भरायचे आणि शेवटी आम्ही त्याच किमतीला माल उचलायचा. बोली लावणारेच उरले नाहीत की किंमत पडते, आणि ते दिसत असताना पुढच्या फेरीत कुठलाही वित्तीय गुंतवणूकदार पैसे घालत नाही. आमचा छोटा हिस्सा सांभाळण्याच्या नादात आम्हीच कंपनीचा श्वास कोंडला असता.

मी पर्याय ठेवला. विक्रीची बोलणी सुरू झाली की आम्हाला कळवण्याचं बंधन असावं, बस. विभागाला पडदा हवा असेल तर पायलटचा वेगळा व्यावसायिक करार करावा, ठरावीक वापरापुरता आणि ठरावीक मुदतीचा. संचालक मंडळात आमचा निरीक्षक बसेल, पण प्रतिस्पर्ध्यांचा विषय निघाला की तो बाहेर जाईल. आणि तिथली तांत्रिक माहिती आमच्या संशोधन विभागापर्यंत जाणार नाही.

या शेवटच्या अटीवर सर्वांत जास्त वाद झाला. संशोधन विभागाला माहितीच नाही, तर गुंतवणूक कशासाठी, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, संस्थापिकांना जे दाखवायचंय ते पायलटमध्ये दिसेल, आणि आपण माहिती पळवतो असा बोभाटा झाला तर चांगला संस्थापक पुन्हा आपलं दार ठोठावणार नाही. वित्तप्रमुखांनी माझी बाजू घेतली आणि पहिल्या नकाराचं कलम निघालं. विभागप्रमुखांनी मात्र पायलटची मुदत वाढवून घेतलीच.

सुधारलेली टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा मसुदा, संध्याकाळी पाठवली. संस्थापिकांचं उत्तर त्याच रात्री आलं. वाढवलेली मुदत त्यांना मान्य नव्हती, बाकी सगळं होतं.