फूल हसत नाही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं पत्र आलं, तेव्हा कशावर लिहायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. मी बाईंवर लिहिणार. मराठीच्या बाई. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की कोण, हे ज्यांना कळतं त्यांच्यासाठीच हा अंक आहे, तेव्हा नाव सांगत बसत नाही. स्नेहसंमेलनं, शिष्यवृत्तीचे जादा तास, जुन्या इमारतीचे जिने यांच्यावर बाकीचे लिहितीलच.

बाईंनी मला तीन ओळी लिहायला शिकवलं. तीनच. आणि त्याही पाण्याच्या टाकीमागच्या रानफुलांवर. गुलाब, मोगरा, कमळ यांच्यावर खूप लिहून झालंय, असं त्या म्हणायच्या, आता ज्यांना कुणी विचारत नाही त्यांच्याकडे बघा. आठवीच्या जुलैमध्ये त्यांनी आमचा सबंध वर्ग टाकीमागे नेला आणि प्रत्येकाने एक झाड निवडायचं, असं सांगितलं. झाड म्हणजे वीतभर उंचीचं काहीही. आधी त्याचं नाव शोधून काढायचं, मग आठवडाभर रोज जाऊन बघायचं, आणि त्यानंतरच पेन हातात घ्यायचं. नाव माहीत नसलं तर शिपाईमामांना विचारा, म्हणाल्या. एकदांडी, टाकळा, केना, रानतेरडा ही नावं आम्हाला मामांनी दिली.

पहिल्या कविता फळ्यावर लिहिल्या गेल्या तेव्हा त्यांत फुलं हसत होती, डुलत होती, लाजत होती. बाईंनी डस्टर उचललं. "फूल हसत नाही," त्या म्हणाल्या. "ते काय करतं ते मला सांगा." मग त्यांनी पुसायच्या शब्दांची यादीच केली: सुंदर, नाजूक, इवलंसं, मनमोहक. विशेषणं गेली, हसणं-डुलणं गेलं, आणि फळ्यावर फार थोडं उरलं. पण उरलं ते खरं होतं. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या बारा ओळींतून त्या दिवशी या तीन निघाल्या:

बोंड फुटलं
हात मागे घेतला
बी तर गेलं

तेरड्याचं पिकलेलं बोंड बोट लागताच फुटतं, त्याच्या सालीच्या पट्ट्या झटक्यात गुंडाळल्या जातात आणि बी लांब उडतं. हे तिने पाहिलं होतं, म्हणून तिला लिहिता आलं. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण आम्हा सगळ्यांना पाठ होती, पण बोंड फुटताना वर्गातल्या फार थोड्यांनी पाहिलं असेल.

पाच-सात-पाच अक्षरांचा हिशोबही बाईंनीच सांगितला. हायकू जपानचा, तो मराठीत रुजवला शिरीष पै यांनी. जपानी हायकूत ऋतू सांगणारा एखादा शब्द असावा लागतो, हेही सांगितलं. आपल्याकडे तो निराळा शोधायला नको, असं त्यांचं म्हणणं होतं. सोनकी म्हटलं की पाऊस ओसरत आला, कळलावी म्हटलं की तो ऐन भरात आहे. फुलाचं नाव लिहिलं की महिना आपोआप आला. म्हणून नावावर त्यांचा एवढा कटाक्ष. 'रानफूल' असा मोघम शब्द त्यांना चालत नसे. कोणतं रानफूल, हे लगेच विचारत. अक्षरं मोजण्यात मात्र त्या कडक नव्हत्या. एखादं अक्षर जास्त झालं तरी चालेल, पण न पाहिलेली गोष्ट लिहिलेली चालणार नाही.

टाकळ्यावर वर्गात बऱ्याच जणांनी लिहिलं, कारण तो संध्याकाळी पानं मिटतो आणि आमची शाळाही तेव्हाच सुटायची:

शाळा सुटली
टाकळ्याची जोडीने
मिटली पानं

मला लिहायची आहे ती खरी गोष्ट त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली. पंधरा ऑगस्ट जवळ आला की मैदानाबरोबर टाकीमागचं गवतही कापलं जायचं. त्या वर्षी बाई मोठ्या सरांकडे गेल्या आणि भिंतीलगतचा पट्टा राखावा, असं म्हणाल्या. सरांनी विचारलं, त्यात आहे काय? रास्त प्रश्न होता. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे गवताशिवाय काहीच दिसत नव्हतं. बाईंनी उत्तर दिलं नाही. वर्गात येऊन वहीच्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकाला एक दिली, आणि ज्याने त्याने आपापल्या झाडाच्या तीन ओळी त्यावर लिहिल्या. काड्या रोवून, सुतळी बांधून त्या पट्ट्या झाडांपाशी लावल्या. पावसाने शाई फुटू नये म्हणून सगळं पेन्सिलीने.

मोठे सर दुपारच्या सुट्टीत छत्री घेऊन आले. एकेका पट्टीपाशी वाकून वाचत गेले. आम्ही टाकीच्या आडून बघत होतो. माझ्या पट्टीपाशी ते थांबले.

दुपार झाली
केन्याचं निळं गेलं
उद्या दुसरं

"निळं कुठे आहे?" सरांनी विचारलं. बाईंनी मला पुढे केलं. मी सांगितलं, सर, केन्याचं फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं, ते एकाच दिवसाचं असतं, उद्या त्याच्या शेजारचं उघडेल, सकाळी यावं लागेल. सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधी ते तिथे उभे होते. बाईंनी त्यांच्यासमोर एक केना मुळासकट हलक्या हाताने उपटला आणि मातीतली फुलं दाखवली. केना जमिनीखालीही फुलतो. ती फुलं कधी उघडतच नाहीत, मिटल्या मिटल्या बी धरतात. सरांनी ते रोप तळहातावर घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. पट्टा राखला गेला. त्या वर्षी आणि पुढेही, बाई निवृत्त होईपर्यंत.

आज मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. शास्त्राच्या वाटेला मला विज्ञानाच्या तासाने लावलं की मराठीच्या, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. हर्बेरियम करताना रोप दाबून वाळवतात, कागदावर चिकटवतात, आणि खाली नाव, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव लिहितात. वाळल्यावर पुष्कळ फुलांचा रंग उडतो, वास जातो. म्हणून ते रोप समोर ताजं असतानाच टिपून ठेवावं लागतं. केन्याच्या पाकळ्या तर दाबताना विरघळूनच जातात. मी माझ्या विद्यार्थ्यांना प्रत्येक शीटसोबत तीन ओळी लिहायला लावते, बाईंच्याच अटींवर. सुरुवातीला ते कुरकुरतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की कळलावीच्या पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या असतात आणि पुढे लाल होत जातात. दुसऱ्याला कंदीलपुष्पात अडकलेली बारकी माशी सापडते. नळीतले खाली वळलेले केस तिला बाहेर येऊ देत नाहीत. ते सुकले की ती पराग घेऊन सुटते. हसणाऱ्या-डुलणाऱ्या फुलांपेक्षा हे कितीतरी मोठं आहे, आणि ते तीन ओळींत मावतं. या लहान कवितांचा माझा एक संग्रह निघाला, त्याची अर्पणपत्रिका बाईंच्या नावाची आहे. त्यातली ही कारवीवरची. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते:

वाळली काठी
सात वर्षांचा मध
नेला माश्यांनी

संग्रह बाईंच्या हातात देता आला नाही, ही खंत आहे.

दुसरी खंत फुलांची. पश्चिम घाट २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासचं पठारही आहे. तेव्हापासून रानफुलांचं नाव झालं, याचा मला आनंदच आहे. पण फोटोसाठी फुलांत बसणारी, लोळणारी माणसं पाहिली की पोटात कालवतं. तेरडा, गेंद, सीतेची आसवं ही एका पावसाळ्याची रोपं. बी पडायच्या आधी ती तुडवली गेली तर पुढच्या वर्षी तिथे उगवणार काय? सीतेची आसवं तर जांभ्याच्या ओल्या थरावर उगवतात, मुळांच्या जागी असलेल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून जगतात. त्या थरावर पाऊल पडलं की संपलं. हे ज्याने गुडघ्यावर बसून पाहिलंय तो तिथे पाय टाकणार नाही. मुलांना कविता लिहायला लावा, असा माझा आग्रह असतो तो याच कारणाने. तीन ओळींसाठी खाली बसावंच लागतं.

आपल्या शाळेत टाकीमागे आता पेव्हर ब्लॉक बसले आहेत. वाहनांना जागा लागते, हे मला समजतं. तरी पाहून वाईट वाटलं.

मात्र नव्या इमारतीच्या मागे, कुंपणाच्या कडेने, थोडी माती अजून उघडी आहे. तिथे काही लावायची गरज नाही. टाकळा आणि केना कुणी न पेरता उगवतात. पहिल्या पावसापासून ऑक्टोबर संपेपर्यंत तेवढ्या कडेला विळा लावू नये, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना वेगळ्या पत्राने केली आहे. परवानगी मिळाली तर ऑगस्टमध्ये मी येईन. आठवीच्या मुलांनी सकाळी लवकर जमावं, म्हणजे केना उघडा सापडेल. कागदाच्या पट्ट्या आणि पेन्सिली मी घेऊन येते.