ताश्कंद, समरकंद, बुखारा: परभणीहून एकट्यानं जाणाऱ्यांसाठी

परभणी-नांदेडकडून उझबेकिस्तान वाटतं तेवढं लांब नाही. सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली गाठायची, तिथून थेट विमान तीनेक तासांत ताश्कंदला उतरवतं. ई-व्हिसा घरबसल्या निघतो. फॉर्ममध्ये नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव मधे घालायची आपली सवय इथं नडते. जायचं तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलैत बुखाऱ्यात पारा चाळिशीवर जातो, आणि भर उन्हात पायी हिंडायला तिथं जाण्याची गरज नाही, ते आपल्याकडे फुकट आहे.

ताश्कंदला एक दिवस पुरे. १९६६ च्या भूकंपानंतर बरंचसं शहर नव्यानं बांधलेलं, रस्ते रुंद, झाडी भरपूर. त्याच वर्षी ११ जानेवारीला शास्त्रीजी इथंच गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आणि पुतळा आहे. मेट्रोची स्टेशनं मात्र सावकाश बघा. २०१८ पर्यंत आत फोटोला बंदी होती, आता कुणी अडवत नाही.

समरकंदला ‘अफ्रोसियाब’ या वेगवान रेल्वेनं जा. सव्वादोन तास लागतात, तिकिटं लवकर संपतात, म्हणून आधीच काढा. शरद ऋतूत खिडकीतून कापूस दिसतो. आपला कापूस पावसाच्या भरवशावर, त्यांचा कालव्यांवर. त्या कालव्यांसाठी १९६० नंतर अमू आणि सीर या नद्यांचं पाणी वळवलं आणि खाली अरल समुद्र आटत गेला. ऊस आणि धरणांवरून रोज भांडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे तिथं बसून आठवावंच.

तीन जुन्या मदरशांनी वेढलेल्या समरकंदच्या रेगिस्तान चौकाची कीर्ती खोटी नाही, पण मदरशांच्या खोल्याखोल्यांत दुकानं भरली आहेत. सकाळी दार उघडताच आत शिरा.

बुखाऱ्याला मात्र दिवस हात न राखता द्या. जुनं शहर सगळं पायी होतं. ल्याबी-हौज हा १६२० च्या सुमाराचा तलाव, चारी बाजूंनी पायऱ्या, काठाला तुतीची जुनी झाडं. असे हौद शहरात शंभरावर होते. लोक पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालायचे, तेच पाणी प्यायचे, आणि त्यातून नारू, म्हणजे पायातून बाहेर येणाऱ्या जंताचा रोग, पसरायचा. म्हणून सोव्हिएत काळात बहुतेक हौद बुजवले. आपल्या बारवांचंही दुखणं हेच होतं. भारत नारूमुक्त ठरला २००० साली. त्यांनी हौद बुजवले, आपण बारवा कचऱ्यानं भरल्या. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची बारव साफ झालेली पाहिलेल्या माणसाला हा तलाव बघताना जरा जास्तच बोलावंसं वाटतं, आणि एकटं असल्यावर ऐकायला कोणी नसतं.

शहराबाहेर नक्शबंदी सूफी परंपरेचे संत बहाउद्दीन नक्शबंद यांची मजार आहे. पाणचक्कीतले बाबा शाह मुसाफिर याच परंपरेचे, मूळचे बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे. औरंगाबादला शंभरदा पाणचक्की पाहिली असेल, तर हा फेरा चुकवू नका. टॅक्सी ॲपवरूनच बोलवा, रस्त्यावर भाव करत बसू नका.

एकट्या माणसाला चहाच्या टपरीत सहसा एकटं बसू देत नाहीत. कुणी म्हातारा शेजारी येतो, दूध नसलेला हिरवा चहा ओततो, तोही अर्धी वाटीच. राग धरू नका. वाटी पुन्हा पुन्हा भरून देण्यात तिथं पाहुण्याचा मान आहे. काठोकाठ भरली तर उठायची वेळ झाली असं समजा.

शाकाहारींचे थोडे हाल होतात. पुलावात मांस असतंच, आणि मांस बाजूला काढलं तरी भात चरबीतच शिजलेला असतो. भोपळ्याचा समोसा, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि तंदुरातली जाड गोल रोटी यावर निभावतं. पुलाव खाणाऱ्यांनी दुपारी एकच्या आत पोचावं, नंतर कढई रिकामी असते. घरून बाकी काही नेऊ नका. शेंगदाण्याची चटणी तेवढी न्या. त्या रोटीबरोबर ती फार चांगली लागते, आणि शेजारचा म्हातारा नक्की मागतो.