दोन मिलिमीटरची धमनी

किडनी देणारी आई होती, घेणारा तिचा मुलगा. आईच्या सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, डाव्या किडनीला दोन धमन्या दिसल्या. मुख्य धमनी नेहमीच्या जागी होती. दुसरी जेमतेम दोन मिलिमीटरची, महाधमनीतून बरीच खाली निघून थेट किडनीच्या खालच्या टोकात शिरलेली. हे सांगितल्यावर बाई घाबरल्या. "म्हणजे माझ्यात खोट आहे का? मग त्याला नाही चालणार?"

"खोट कसली, मावशी. चारांत एखाद्याला असतंच असं," मी म्हटलं. गर्भात किडनी ओटीपोटात तयार होते आणि सरकत सरकत वर येते. वाटेत नव्या धमन्या जोडल्या जातात, जुन्या विरून जातात. एखादी विरायची राहून जाते. बहुतेकांना हे आयुष्यभर कळतही नाही.

उजवीकडे एकच धमनी होती. तरी आम्ही डावीच घ्यायची ठरवली, कारण स्कॅनमध्ये उजवी जास्त काम करत होती आणि सरस किडनी दात्याकडेच राहायला हवी. शिवाय डाव्या किडनीची शीर लांब असते, जोडायला सोपी जाते.

किडनी बाहेर काढून बर्फात ठेवली आणि मुख्य धमनीतून थंड द्रावण सोडलं. बघता बघता ती पांढरट झाली, खालचं टोक मात्र होतं तसंच लालसर राहिलं. बारक्या धमनीत वेगळी नळी घातली, तेव्हा कुठे तेही निवळलं. किडनीतल्या धमन्या एकमेकींना आधार देत नाहीत, ते इथं डोळ्यांनी दिसतं.

"मॅडम, एवढीशी तर आहे, बांधून टाकू या?" रेसिडेंटनं, शिकाऊ सर्जननं, विचारलं. प्रश्न रास्त होता. वरच्या टोकाची इतकी बारीक धमनी कधी कधी बांधतातही. पण किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या मूत्रनलिकेच्या वरच्या भागाला रक्त बहुधा खालच्या धमनीतूनच जातं. ती गेली तर नलिका सडते आणि लघवी आत झिरपत राहते. मी नाही म्हटलं.

मुख्य धमनी आणि शीर मुलाच्या मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना जोडली. रक्त अडवणारे क्लॅम्प (चिमटे) काढताच किडनी गुलाबी होऊन टरारली. खालचं टोक निळसर, मऊच. मग पोटाच्या भिंतीतली एपिगॅस्ट्रिक धमनी सोडवून खाली वळवली आणि डोळ्यांना लूप (भिंगाचा चष्मा) लावून, केसाहून बारीक धाग्यानं त्या छोट्या धमनीला जोडली. टाके घालताना ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी बोलत नव्हतं. रक्त सोडलं, तसा रंग खालपर्यंत उतरला.

मूत्राशयाला जोडण्याआधी मूत्रनलिकेचं टोक छाटलं. कापल्या कडेतून लालभडक रक्त आलं. मला हवं होतं ते हेच. आत स्टेंट, म्हणजे आधाराची बारीक नळी, घालून नलिका जोडली.

दुसऱ्या दिवशी डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, खालच्या टोकापर्यंत प्रवाह चांगला होता. मावशी व्हीलचेअरवरून मुलाला बघायला आल्या आणि आधी लघवीची पिशवी किती भरली ते त्यांनी वाकून पाहिलं.