मोज्याला ट्रायल नाही

आमच्या खडेबाजारातल्या दुकानात गल्ल्याच्या डोक्यावर एक पाटी आहे. वडिलांनी पेंटरकडून लिहून घेतलेली. मराठीत आणि कानडीत एकच मजकूर : ‘मोजे व बनियन घालून बघू नयेत. वापरलेला माल बदलून मिळणार नाही.’ शर्टाला ट्रायल आहे, चपलेला आहे, नवरीचा शालूसुद्धा खांद्यावर टाकून आरशात बघता येतो. मोज्याचं तसं नाही. बंद पुडक्यातला जोड घ्यायचा, घरी जाऊन घालायचा आणि टाच घोट्याच्या वर आली तर आपल्याच पायाला दोष द्यायचा.

मी तेवीस वर्षं मोजे विकतोय. गिऱ्हाईक पायरी चढताना त्याच्या चपलेवरून नंबर ओळखतो. मराठी माणूस ‘मोजे दाखवा’ म्हणतो, कानडी माणूस ‘कालचीला तोर्सरी’ म्हणतो. काल म्हणजे पाय, चील म्हणजे पिशवी. पायाची पिशवी! आपला मोजा फारसीतून आला आणि तिकडे ‘मोझा’ म्हणजे चक्क बूट. म्हणजे आपण बुटात बूट घालतो आणि कानडी माणूस बुटात पिशवी घालतो. धंद्यातला माणूस म्हणून माझं मत कानडीला. मोजा ही पिशवीच आहे, आणि तिचं तोंड कुठं आहे हे ओल्या पायाला सापडत नाही.

ओल्या पायांचं आम्हाला काय नवल? बेळगावात वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक शाळा सुरू झाल्यावर पडतो. लहानपणी मोज्यांचे दोनच जोड असायचे, एक अंगावर आणि एक चुलीच्या वरच्या दोरीवर. सकाळी दोरीवरचा जोड हातात यायचा तेव्हा त्याला धूर आणि भाकरी असा मिळून वास असायचा. वाळलेला कधीच नसायचा. ओला तो ओलाच, फक्त गरम. आई माझा पाय मांडीवर घ्यायची, पदरानं बोटांच्या बेचक्या पुसायची, दोन्ही अंगठे मोज्यात घालून तो सगळा गोळा करत पुढच्या टोकापर्यंत आणायची आणि म्हणायची, “हं, ढकल.” पाय ढकलला की मोजा आपोआप उलगडत वर यायचा. दप्तर पाठीला, छत्री हातात, आणि शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत बुटातून चपक चपक आवाज सुरू.

तर असा मी, गल्ल्यावर बसून बसून पंचेचाळिशीला आलो. एका तपासणीत डॉक्टर म्हणाले, “शुगर बॉर्डरवर आहे.” सीमाभागातल्या माणसाला हे ऐकून काय धक्का बसणार? १९५६ पासून आम्ही सगळेच बॉर्डरवर आहोत. खरं बायकोला बसला. (आम्ही बेळगावकर ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतो. पुण्याचा पाहुणा ‘काय खरं?’ म्हणून विचारतो आणि मग दहा मिनिटं जातात.) दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर नेऊन सोडलं. चालणं झालं, चालण्याचं पळणं झालं, पळणाऱ्यांत सायकलवाले भेटले, सायकलवाल्यांत एक दातांचा डॉक्टर भेटला आणि त्यानं मला ट्रायथलॉनचं, म्हणजे पोहणं-सायकल-पळणं एका दमात करायच्या शर्यतीचं, वेड लावलं. दात काढणाऱ्या माणसाचं बोलणं मऊ असतं. आपण कशाला ‘हो’ म्हणालो हे घरी गेल्यावर कळतं.

मी ‘हो’ म्हणालो होतो ते गोव्याच्या अर्ध्या आयर्नमॅनला. मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून ही स्पर्धा होते. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल मारायची आणि मग २१.१ किलोमीटर पळायचं. मैलांत बेरीज केली तर ७०.३ येते, म्हणून नावातच तो आकडा. सगळं मिळून साडेआठ तासांत आटपायचं.

आईला हे समजावणं हा स्पर्धेचा पहिला टप्पा. मी तिला अगदी मुळापासून सांगितलं. १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर पहिल्या आयर्नमॅनला पंधराजण याच्या दुप्पट अंतरावर निघाले. पहिला आलेला पावणेबारा तासांनी पोचला, आणि एकूण बाराजणांनी शर्यत पुरी केली. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “आणि राहिलेली तीन पोरं?”

“ती मधेच थांबली.”

“तीच शाणी म्हणायची की.”

पोहणं मला येत होतं. येळ्ळूरला मामाच्या शेतातल्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकलो होतो. पण विहिरीतल्या पोहण्यात एक खोट असते. विहिरीत माणूस वाट चुकू शकत नाही. कुठंही गेलं तरी दगडच लागतो. गोवावेसच्या तलावात तळाला रेघ असते, ती धरून गेलं की झालं. समुद्रात ना दगड ना रेघ. चार-सहा हात मारले की सुसरीसारखं डोकं वर काढून वाटेच्या खुणेसाठी पाण्यावर सोडलेला केशरी फुगा कुठं आहे ते बघावं लागतं. ते शिकायला मी विहिरीत डोळे मिटून पोहायचो. मामा काठावर उभा राहून ओरडायचा, “आरं, सरळ जा की गा!” गोल विहिरीत सरळ जायचं म्हणजे कुठं, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

सायकलीला जांबोटीचा रस्ता. पिरनवाडी, किणये, कुसमळीचा पूल, जांबोटी, आणि अंगात असलं तर पुढं कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते. पावसाळ्यात जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर, येताना पाठीवर. त्यामुळं येताना आपण फार तयार झालोय असं वाटायचं. पायाला पेडलमध्ये अडकणारे बूट घेतले त्या पहिल्याच आठवड्यात टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटपाशी आलो आणि गेट पडलं. ब्रेक दाबला, सायकल थांबली, पाय काही सुटेना. गेटाच्या मागून मीही पडलो, उभा होतो तसाच, झाड पाडावं तसा. दोन्हीकडच्या स्कूटरवाल्यांनी शांतपणे बघितलं. एका कानडी आजोबांनी हात दिला आणि म्हणाले, “निधान री, सर.” सावकाश. मी तर जागचा हललोही नव्हतो.

स्पर्धा ऐन दिवाळीच्या तोंडावर आली. होजिअरीचं दुकान अशा वेळी सोडून जाणं म्हणजे पाप. ते दुकानातल्या अण्णांच्या गळ्यात टाकलं. अण्णा वडिलांच्या वेळचे, मला खांद्यावर घेतलेले, तरी सगळ्यांसमोर ‘धाकटे मालक’ म्हणणारे. निघताना मी एक चूक केली. दातांच्या डॉक्टरनं दहादा बजावलं होतं की शर्यतीच्या दिवशी अंगावर नवीन काहीही नको. बूट जुने, कपडे जुने, खाणंसुद्धा रोजचं. खरं मी मोज्यांचा व्यापारी. दीडशे नमुने कपाटात असताना विटलेले मोजे घालून गोव्याला जाऊ? एजंटनं नुकताच एक भारी जोड नमुना म्हणून दिला होता. पोटरीला घट्ट धरणारा, डाव्या-उजव्या पायाचा वेगळा, टाचेला दुहेरी वीण. सील न फोडता तो पिशवीत टाकला. चोर्ला घाट उतरताना पिशवी मांडीवर होती.

पोहणं बरं झालं. पहिल्या दोनशे मीटरमध्ये कुणाची तरी लाथ खाल्ली, पोटभर खारं पाणी प्यालो, एकदा फुग्याच्या चुकीच्या बाजूला गेलो आणि परत आलो. सत्तर मिनिटांची मुदत होती, मी अठ्ठावन्नाव्या मिनिटाला वाळूत उभा. आयुष्यात इतका खूश क्वचितच झालो असेन.

पोहून आल्यावर सायकलींच्या वाड्यात जायचं, कपडे-बूट चढवायचे आणि निघायचं. ह्याला ट्रान्झिशन म्हणतात. घड्याळ चालूच असतं. पट्टीचे लोक मोजे घालतच नाहीत. त्यांचे बूट आधीच पेडलला लावून रबरबँडनं आडवे धरलेले असतात, ते पळत येऊन सायकलीवर उडी मारतात आणि चालत्या सायकलीवर पाय बुटात सरकवतात. मी वाळूनं भरलेल्या पायांनी जमिनीवर बसलो. नॅपकिन होता. पाय पुसले, खरं अंगावरून पाणी निथळत होतं ते परत पायावर. पावडर आणली होती. ती मोज्यात घालायची असते, मी पायावर ओतली. बोटांत थालीपीठ तयार झालं. मग सील फोडलं.

घट्ट मोजा आणि ओला पाय यांचं भांडण ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून पटणार नाही. करंगळीपर्यंत गेला आणि थांबला. ओढला तर फक्त वरची इलॅस्टिक गुडघ्याच्या दिशेनं आली, पुढचा भाग बोटांच्या पुढं सोंडेसारखा लोंबकळत. शेजारच्या जागेवरून चारजण आले, गेले. बाहेर कठड्याला टेकून बायको उभी. नियम असा की बाहेरच्या माणसाची मदत घेतली की बाद. नॅपकिनसुद्धा देता येत नाही. ओरडायला मात्र मनाई नाही.

“अहो, टाच वर आलीय!”

आली होती. डावा उजव्यात गेला होता. मी दोन्ही काढले. दहा वर्षांच्या पोरालाही गल्ल्यावरून ‘तुझा पाच नंबर’ म्हणून सांगणारा मी, माझ्याच मालाशी कुस्ती करत होतो आणि हरत होतो. शेवटी दोन्ही अंगठे आत घातले, मोजा गोळा करत टोकापर्यंत आणला, त्याचा मेदूवडा केला आणि पाय ढकलला. ‘हं, ढकल’ कुणी म्हटलं नाही, तेवढंच.

नंतर कळलं की ही युक्ती सगळे ट्रायथलॉनवाले वापरतात, फक्त ते घरूनच वडे करून आणतात. मी साफ विसरलो होतो. तेवीस वर्षांत मी मोजा फक्त पुडक्यात बघितला होता.

सायकलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुढच्या गड्यापासून बारा मीटर अंतर ठेवायचं, त्याच्या आडोशाला राहून वारा चुकवायचा नाही, असा नियम. बारा मीटर! बेळगावात तेवढ्या जागेत चार रिक्षा आणि एक म्हैस मावते. ऊन चढत गेलं, मीठ अंगावर वाळत गेलं, तीन तास पन्नास मिनिटांत उतरलो. उतरल्यावर पाय माझे नाहीत असं वाटलं. पळण्याचा पहिला किलोमीटर भाड्यानं आणलेल्या पायांवर काढला.

पळताना मांडवीच्या बाजूनं जरा वारा होता, नाहीतर ती दुपार तव्यासारखी. दर पाण्याच्या टेबलापाशी एक ग्लास तोंडात आणि एक डोक्यावर. डोक्यावरचं पाणी कुठं जातं याचा विचार कुणी करत नाही. ते पाठीवरून मांडीवर, मांडीवरून पोटरीवर आणि पोटरीवरून पायाच्या पिशवीत जातं. सातव्या किलोमीटरला बुटातून आवाज सुरू झाला. चपक चपक. आवाज इतका ओळखीचा होता की हात उगीच पाठीवरच्या दप्तराकडं गेला. तेराव्या किलोमीटरला डाव्या टाचेला फोड आला, सोळाव्याला फुटला. ओली कातडी मऊ पडते, मोज्याला चिकटते आणि प्रत्येक पावलाला थोडी मागं राहते. हे मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय, सुती मोजा पावसात घालू नका म्हणून. माझा सुती नव्हता. एजंटच्या म्हणण्याप्रमाणे तो ‘पाणी धरतच नाही’. आठ तास सहा मिनिटांनी मी पट्टी ओलांडली तेव्हा त्यानं पावशेर तरी धरलेलं होतं.

निकालाच्या कागदावर सगळं छापून येतं. पोहणं, सायकल, पळणं, आणि मधल्या दोन्ही वेळासुद्धा. कपडे बदलायला पहिल्या खेपेला चौदा मिनिटं, दुसऱ्या खेपेला नऊ. दातांच्या डॉक्टरला पहिल्या खेपेला चार लागली होती. तो कागद वाचत होता आणि हसू दाबत होता, भूल उतरायच्या आत पेशंटला बोलतं करतात तसं. “तुमचा धंदा काय म्हणालात?” त्यानं विचारलं.

आईला पदक दाखवलं. तिनं ते हातात धरून वजन बघितलं, देव्हाऱ्याच्या शेजारी खिळ्याला अडकवलं आणि पाय पुढं कर म्हणाली. हळद लावली.

मंगळवारी दुकानात गेलो तो चपला घालून, टाचेला पट्टी. दिवाळीची गर्दी. बनियनच्या पेट्या काउंटरवर चढलेल्या, एक बाई तीन पोरांसाठी सहा जोड मागत होती, अण्णा एका हातानं पुडकी फोडत होते. गर्दी जरा ओसरली तसा मी पिशवीतून तो मोजा काढून त्यांच्यापुढं ठेवला. एजंट आला की दाखवू म्हटलं, दुहेरी वीण म्हणत होता.

अण्णांनी चष्मा चढवला. मोजा दारातल्या उजेडात धरला. हात आत घालून टाचेपर्यंत नेला, तिथलं भोक शोधलं आणि त्यातून एक बोट बाहेर काढलं.

“धाकटे मालक,” ते म्हणाले, “बदलून पायजे होता काय?”

आणि त्याच बोटानं वरची पाटी दाखवली.