२०२९ मॅच जिंकल्या, कप एकही नाही

माईक मार्टिन हे नाव आपल्याकडे कुणाला माहीत असायचं काही कारणच नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या बेसबॉल टीमचा हेड कोच. १९८० ते २०१९, चाळीस सीझन, कॉलेज एकच. २०२९ मॅच जिंकल्या, ७३६ हरल्या, ४ बरोबरीत. कॉलेज बेसबॉलमध्ये एवढ्या मॅच आजवर दुसऱ्या कुठल्याच कोचने जिंकलेल्या नाहीत. आणि नॅशनल चॅम्पियनशिप किती, तर शून्य.

हे मी आमच्या वाडीत सांगितलं तर शेजारच्या काकांनी पेपरातून डोकं वर न काढताच विचारलं, "चाळीस वर्सात एकव कप नाय? मगे त्येका ठेवल्यानी कित्याक?" देवगडात काय नि फ्लोरिडात काय, लोकांचा प्रश्न हाच, तिकडचेही त्याच्यामागे हेच टुमणं लावून होते. मला मात्र कप घेऊन फोटो काढलेल्या बऱ्याच कोचपेक्षा हा माणूस जास्त आवडतो. का ते जरा सविस्तर लिहितो, बेसबॉल कळत नसेल तरी वाचा, अडेल तिथे क्रिकेटमध्ये सांगेन.

आधी नोकरी कशी मिळाली ते. मार्टिन याच कॉलेजचा जुना प्लेयर, १९६५ला याच टीमकडून ओमाहात खेळलेला. ओमाहा म्हणजे नेब्रास्का राज्यातलं शहर, कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे नॅशनल चॅम्पियनशिपचा शेवटचा टप्पा, १९५०पासून तिथेच होते, त्यामुळे कॉलेज बेसबॉलवाले स्पर्धेचं नावच घेत नाहीत, नुसतं "ओमाहाला गेलो" म्हणतात, आपल्याकडे पंढरपूरला गेलो म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही तसं. तर पुढे तो तिथेच असिस्टंट कोच झाला. १९७९ला हेड कोच होता डिक हाउझर. त्याने एक सीझन केला आणि न्यूयॉर्क यांकीज या प्रोफेशनल टीमने मॅनेजर म्हणून बोलावलं, गेला तो. खुर्ची रिकामी झाली, असिस्टंटला बसवलं. हाउझरने पुढे १९८५ला कॅन्सस सिटीच्या प्रो टीमला वर्ल्ड सिरीज, म्हणजे प्रोफेशनल बेसबॉलचा सगळ्यात मोठा कप, जिंकून दिली. असिस्टंट काही तिथून हललाच नाही. आज टॅलाहासीच्या, म्हणजे कॉलेजच्या गावच्या, स्टेडियमला हाउझरचं नाव आहे आणि आतल्या मैदानाला मार्टिनचं.

आता चाळीस सीझन म्हणजे नेमकं काय ते बघा. चाळीसपैकी एकाही सीझनला टीम एनसीएएच्या (कॉलेज खेळ चालवणारी संघटना) टुर्नामेंटच्या बाहेर राहिली नाही, आणि एकाही सीझनला ४०पेक्षा कमी मॅच जिंकल्या नाहीत. एकदाही नाही! सरासरी काढली तर सीझनला पन्नासच्या वर जाते. आणि ही प्रोफेशनल टीम नव्हे की चांगला प्लेयर मिळाला तर दहा वर्षं धरून ठेवा. कॉलेजचं पोरगं तीन-चार वर्षांचा पाहुणा. त्यातही जो खरंच चांगला तो तिसऱ्या वर्षानंतर ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रो टीमवाले नवे प्लेयर निवडतात त्यात, उचलला जातो, आणि जो त्याहून चांगला तो हायस्कूलमधूनच प्रो टीमवाले घेऊन जातात, कॉलेजचं तोंडच बघत नाही. म्हणजे दर तीन वर्षांनी जवळजवळ नवी टीम बांधायची. वर स्कॉलरशिपचा घोळ. बरीच वर्षं नियम असा होता की एका कॉलेजच्या बेसबॉल टीमला सगळ्या मिळून ११.७ फुल स्कॉलरशिप, त्या जास्तीत जास्त २७ पोरांत वाटायच्या आणि प्रत्येकाला किमान पाव तरी द्यायची. हा हिशेब करत करत पोरांच्या आईबापांना पटवायचं, आणि समोर प्रोवाले चेकबुक घेऊन बसलेले. हे एकदा जमणं वेगळं, चाळीस वर्षं जमणं वेगळं.

त्याच्या टीमची बॅटिंगही बघण्यासारखी. बेसबॉलमध्ये पिचरने, म्हणजे आपल्या बॉलरने, चार बॉल बाहेर टाकले आणि बॅटरने ते सोडले की फुकटात पहिला बेस मिळतो, त्याला वॉक म्हणतात. मार्टिनची पोरं ह्यात पक्की मुरलेली, बाहेरच्या बॉलला बॅट लावायची नाही म्हणजे नाही. पिचर बॉल टाकून टाकून दमतो, वैतागतो, मग मधोमध एक देतो आणि तो मैदानाबाहेर. बघायला कंटाळवाणं आहे खरं. पण ज्याला गावसकर आवडतो त्याला हे आवडेल.

आणि पोरगं ओळखायची नजर. बस्टर पोझी शॉर्टस्टॉप म्हणून आला होता, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर. इथल्या कोच मंडळींनी त्याला दुसऱ्या वर्षी कॅचर केला, म्हणजे चांगल्या फिल्डरला धरून विकेटकीपिंग करायला लावण्यासारखंच. २००८ला त्याचं बॅटिंग अ‍ॅव्हरेज .४६३, म्हणजे शंभरात सेहेचाळीस वेळा हिट, देशातल्या बेस्ट प्लेयरचं गोल्डन स्पाइक्स अवॉर्ड त्यालाच, आणि त्याच वर्षी एका मॅचमध्ये त्याला नऊच्या नऊ पोझिशनवर खेळवलं, पिचिंगसुद्धा. पुढे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून २०१०, २०१२, २०१४ अशा तीन वर्ल्ड सिरीज. कॅचरच राहिला.

मग कप का नाही?

मार्टिन कोच म्हणून ओमाहाला १७ वेळा गेला. तिथे आठ टीम, दोन मॅच हरलात की घरी. १९८६ला फायनलमध्ये अ‍ॅरिझोनाने १०-२ धुतलं. १९९९ला फायनल मायामीशी, राज्यातलीच टीम, ६-५ने हरले, एका रनने. तेव्हा फायनल एकच मॅच असायची, तीनपैकी दोन जिंका हा प्रकार २००३पासून आला. मे महिन्यात चाकरमानी आले की सड्यावर चार-चार ओव्हरच्या टुर्नामेंट भरतात त्यात खेळलेला कुणीही सांगेल, दोन दिवसांत जो कप उचलतो ती दर वेळी सगळ्यात चांगली टीम असतेच असं नाही. तरी बॅनरवर नाव त्यांचंच लागतं.

पण मार्टिनचा भक्त असलो तरी १७ वेळा जाऊन एकदाही नाही ह्याला नुसतं नशीब म्हणायला मलाही जड जातं. माझा आपला अंदाज असा, की वॉकवर जगणारी टीम सीझनभर भारी पडते कारण सीझनभर निम्मे पिचर मध्यमच असतात, ओमाहात मात्र समोर एकेका टीमचा एक नंबरचा पिचर येतो आणि तो फुकटचं काही देत नाही. तिथे सोडून भागत नाही, मारावं लागतं. ऑगी गारिडोचं बघा. मार्टिनच्या आधी सगळ्यात जास्त विजयांचा रेकॉर्ड त्याचा, १९७५ मॅच, आणि कप पाच, फुलरटन कॉलेजला तीन नि टेक्सास युनिव्हर्सिटीला दोन. गारिडो मार्च २०१८मध्ये वारला आणि दोनच महिन्यांत मार्टिनने रेकॉर्ड मागे टाकला. ओमाहात गारिडो मोठा, वादच नाही. पण माझ्या पोराला तीन वर्षं कुणाच्या हाताखाली द्यायचं म्हणाल तर मी टॅलाहासीला पाठवीन.

सगळ्यात भारी त्याचा शेवटचा सीझन. २०१९ शेवटचं हे आधीच जाहीर झालेलं, आणि नेमकी त्याच वर्षी टीम गडगडली. टुर्नामेंटचे ६४ संघ निवडले तेव्हा फ्लोरिडा स्टेट अगदी काठावर आत आले. खात्यावर ३६ विजय. म्हणजे दर वर्षी ४० हा जो एकोणचाळीस वर्षांचा हिशेब होता तो शेवटच्या पानावर बोंबलणार असं सगळे धरून चाललेले. पहिला राउंड जॉर्जियाच्या घरी, देशात चौथं सीडिंग असलेली टीम. तिला तिच्याच मैदानावर दोनदा झोडपली, फ्लोरिडा अटलांटिकला एकदा, झाले ३९. मग दुसरा राउंड, लुइझियानात एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी), ते स्टेडियम म्हणजे जांभळ्या-पिवळ्या कपड्यातला समुद्र, तिथे पहिली मॅच ६-४. चाळीस! दुसरी नऊऐवजी बारा इनिंग्ज चालली, ५-४. चला ओमाहाला.

त्या जूनमध्ये आपल्याकडे पाऊस लांबलेला, वायू वादळ किनाऱ्याजवळून वर गुजरातकडे सरकलेलं, दर्याला उधाण, लाइटचा पत्ता नाही आणि मोबाईलला रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात, तिथे उभा राहून मी अर्कान्सासविरुद्धचा स्कोअर रिफ्रेश करतोय. ०-०, ०-०, ०-०. ड्रू पॅरिश नावाच्या पोराने आठ इनिंग्ज एक रन दिली नाही, आणि नवव्या इनिंगला एकच रन काढून १-०ने जिंकले. मी ओरडलो तर आईला वाटलं माकडं आली बागेत.

पुढच्या दोन मॅच मात्र मिशिगन २-०, टेक्सास टेक ४-१. संपलं. दोन मॅच मिळून एक रन, म्हणजे वर जे म्हटलं तेच झालं परत. सीझनचा हिशेब ४२ विजय, २३ पराभव.

नंतर मुलगा कोच झाला, माईक मार्टिन ज्युनियर, त्याला तीन सीझन दिले नि काढलं. मग आणला लिंक जॅरेट, नव्वदच्या दशकात मार्टिनकडेच शॉर्टस्टॉप खेळलेला. त्याचा पहिला सीझन इतका वाईट गेला की १९७८पासून चालत आलेली टुर्नामेंटची वारी चुकली. १ फेब्रुवारी २०२४ला मार्टिन गेला, ८० पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. आणि त्याच सीझनला जॅरेटने टीम ओमाहात नेली, पहिल्याच मॅचला टेनेसीसमोर शेवटच्या इनिंगला ११-८ पुढे होते, आणि हरले १२-११. टेनेसीनेच मग कप नेला.