तेरवीच्या आधी आलेला स्टॅम्प पेपर

यवतमाळ जिल्ह्यात आत्महत्या झालेल्या शेतकऱ्याच्या घरी गेलं की घरचे आधी आपल्या हातातली पिशवी बघतात. कसले कागद आणलेत? प्रशिक्षणात आम्हा समुपदेशकांना शिकवतात : ऐकून घ्या, रडू द्या, झोप-भूक विचारा. बरोबरच आहे ते. पण दारात तलाठी, पोलीस पाटील आणि वसुलीवाले येऊन जात असताना झोपेचं कुणाला विचारणार?

त्या दिवशी सकाळी आशाताईचा फोन आला. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पामुळे आशा घरोघरी जाऊन ताणाची लक्षणं विचारतात, त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना आमच्या आधी कळतं. "मॅडम, तेरवी परवा हाय, अन् आज त्या बाईले रजिस्ट्रीले नेऊन राहिले. लवकर या."

पोचले तेव्हा दारात जीप उभी. भासरे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे मोठे भाऊ, हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन फिरत होते. आत स्टॅम्प पेपर, हक्कसोडपत्र टाइप करून तयार. बाई भिंतीला टेकून बसलेली. मुठीत आधार कार्ड आणि दोन पासपोर्ट फोटो. फोटोत कपाळावर मोठं कुंकू होतं.

"कागद कायचा हाय, ठाऊक आहे का?" मी विचारलं.

"मले नाई समजत, ताई. सही दे म्हणतात, पोरीचं आमी पाहू."

मी भासऱ्यांना दटावलं नाही. या कामात घरातल्या एखाद्याला खलनायक ठरवून टाकणं फार सोपं असतं, पण आपण गावातून निघून जातो आणि बाईला त्याच्याच शेजारी राहायचं असतं. त्यांना बाहेर कडुनिंबाखाली नेलं. तिथे खरं बाहेर आलं. चार एकर कोरडवाहू वावर भावाने स्वतः विकत घेतलं होतं, खासगी सावकाराकडून पैसे उचलून, आणि मधे जामीन होते हेच. सावकार आता यांच्या दारात उभा राहत होता. "वावर माह्या नावानं झालं तं इकून त्याचे पैसे तरी फेडीन. हे उद्या दुसरं लगन करून गेली तं?"

"केलं तरी तिचा हिस्सा तिचाच राहतो, दादा. आणि पोरींचा हिस्सा तर ती स्वतःसुद्धा सोडून देऊ शकत नाही. वयाने अज्ञान आहेत त्या, अठराच्या आतल्या, कोर्टाची परवानगी लागते." सावकाराकडे परवाना होता का, हे कुणी विचारलंच नव्हतं. नव्हता. २०१४ च्या सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, तालुक्याला सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते, हे मी सांगत होते आणि ते खाली मातीवर बोटाने रेघोट्या ओढत होते. शेवटी म्हणाले, "मले बी रातच्याले झोप नाई, मॅडम." त्यांना मी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला. फोन करतील असं वाटलं नव्हतं. केला.

घरात येऊन मी वारस कोण कोण ते समजावून सांगितलं. बायको, दोन मुली आणि आई, चौघींचे सारखे हिस्से. भावाचा नाही. कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या म्हातारीचा हात थांबला.

"माह्याही नावानं?"

"हो आजी. तुमचाही चौथा हिस्सा."

"मंग मले काऊन नाई इचारलं कोणी?" ती पोराकडे बघून म्हणाली. "जीपवाल्याले जाऊ दे घरी."

जीप रिकामीच परत गेली.

पुढचं काम रुक्ष होतं. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज, मृत्यू दाखला, नोटीस, हरकतीची मुदत, मग फेरफार मंजूर. सातबाऱ्यावर चौघींची नावं लागली. सरकारी मदतीचं मात्र झालं नाही. २००६ च्या निर्णयाप्रमाणे एक लाख मिळतात, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं. प्रकरण अपात्र ठरलं. म्हणजे ज्याला बँकेने दारात उभं केलं नाही, त्याचं मरण कागदावरही बसत नाही. या निकषाची चीड मला अजून येते आणि प्रत्येक बैठकीत मी ती बोलून दाखवते.

नवऱ्याबद्दल ती पहिल्यांदा बोलली ती सातबारा हातात आल्यावर. त्याआधी मी विचारलं की "बरं आहे" एवढंच. त्या दुपारी मात्र ती थांबेचना. तो किती भांडायचा, पोरींना शाळेत सोडायला कसा सायकलवर न्यायचा, शेवटच्या आठवड्यात जेवण कसं टाकून द्यायचा, आणि हे आपल्याला तेव्हा का कळलं नाही. मी जवळजवळ काहीच बोलले नाही.

उठताना तिने विचारलं, "ताई, औंदा वावर मक्त्यानं देऊ का सोताच करू?"

शेतीतलं मला काही कळत नाही, हे मी तिला सांगितलं. सासूबाई आतून ओरडल्या, "सोताच कर! मी हाय ना निंदाले."