जेवणाच्या सुट्टीतली फुसफुस
आज नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एनर्जी ऑडिट, म्हणजे वीज कुठे किती जाते याची तपासणी होती. जेवणाच्या सुट्टीत मशीन थांबल्या आणि कारखान्यात चहूकडून फुसफुस ऐकू यायला लागली. पाइपचे जोड, कपलिंग, जुने होज. हवा कुणीच वापरत नव्हतं, तरी कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून पाइपात भरणारं यंत्र, वीज खात चालूच होता!

दाबलेली हवा फार महाग पडते. कॉम्प्रेसरला दिलेली बहुतेक वीज उष्णता होऊन जाते, हवेतून कामाला येते ती १० टक्क्यांच्या आसपास. देखभाल नसेल तर त्या हवेतलीही २० ते ३० टक्के गळून जाणं नेहमीचंच. दाब ७ बारवरून (बार म्हणजे दाबाचं माप) ६ वर आणला तर साधारण ६-७ टक्के वीज वाचते. म्हणून मालकांना कळकळीने सांगितलं, आधी गळती बुजवा, मग दाब उतरवा, नव्या कॉम्प्रेसरचं कोटेशन त्यानंतर मागवा.

मेंटेनन्सचे काका तर लगेच साबणाचं पाणी घेऊन आले. फेस येईल तिथे खडूची खूण. "मॅडम, रविवारी सगळं बंद असताना पुन्हा फिरतो मी," म्हणाले. फार बरं वाटलं.

२००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ऑडिटची सक्ती आहे ती मोठ्या, ठरवून दिलेल्या ग्राहकांना. सातपूर-अंबडचे लहान कारखाने त्यात येत नाहीत, आणि माझ्या मते खरी बचत तिथेच पडून आहे. प्रत्येक विभागाला वेगळा मीटर (सबमीटर) तरी बसवा हो, वीज कुठे जाते ते दिसू द्या.

तुमच्याकडे कॉम्प्रेसर असेल तर उद्या सुट्टीत एकदा कान देऊन बघा आणि कमेंटमध्ये कळवा.